वांशिक युद्ध थांबवण्याचा ठराव: पाचवं कलम घालण्याआधी पहिली चार तपासा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे घोळ नको. नेरूळच्या कॉलेजात एमयूएन (संयुक्त राष्ट्रसंघाची, म्हणजे युनोची, विद्यार्थ्यांनी भरवलेली नक्कल सभा) आहे, समिती सुरक्षा परिषदेची आणि तुमच्याकडे भारत. विषय एका काल्पनिक देशातलं वांशिक युद्ध. २ लाख लोक सीमा ओलांडून शेजारी देशात आलेत, त्याहून जास्त आतच अडकलेत. मसुद्यात चार कलमं आहेत: तात्काळ शस्त्रसंधी, शांतिसेना, देशाच्या आत 'सुरक्षित क्षेत्रं' आणि सहा महिन्यांत निर्वासितांची परतपाठवणी. सरांनी वाचून विचारलं, "हे होणार कसं?" आणि आता तुम्ही विचारताय की पाचवं कलम कोणतं घालू.

पाचवं नको. आहेत त्या चार कलमांपुढे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून बघा: हे काम कोण करणार, त्याच्याकडे किती माणसं आणि काय साधनं असणार, आणि लढणाऱ्यांपैकी एकाने ते अडवलं तर पुढे काय. ज्या कलमापुढे यातलं काहीच लिहिता येत नाही, ते नुसतं कमकुवत नसतं, कधीकधी लोकांच्या जिवावर उठतं. कसं, ते खाली येईलच. माझं काम छावण्यांचं नियोजन आणि निर्वासितांची परती या बाजूचं आहे, त्यामुळे वाटाघाटींपेक्षा त्यावर जास्त बोलेन.

काल्पनिक देशाबद्दल छातीठोक उत्तर कोणीच देऊ शकत नाही, हेही आधी सांगून टाकतो. दोन्ही बाजू थकल्यात का, की एक जिंकत चाललीय? शेजारचा देश कोणाला दारूगोळा पुरवतोय? पळून आलेल्यांमध्ये हत्यारबंद लोक मिसळलेत का? यांची उत्तरं बदलली की ठराव बदलतो. म्हणून मी मुख्यतः बोस्नियाचं उदाहरण धरतो. युगोस्लाव्हिया फुटल्यावर तिथे बोस्नियाक (मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट या तीन गटांत युद्ध पेटलं. १९९२ ते १९९५ ही युद्धाची साडेतीन वर्षं आणि त्यानंतरची काही वर्षं धरली तर तुमची चारही कलमं तिथे लावून झाली आहेत आणि त्यांचा निकाल सगळ्यांसमोर आहे.

शस्त्रसंधीचं आधी उरकतो. बोस्नियात शस्त्रसंधी होत राहिल्या आणि मोडत राहिल्या. 'तात्काळ' हा शब्द लिहून गोळीबार थांबत नाही. थांबतो तो नकाशा, अंतर आणि तारीख लिहिली तर. फेब्रुवारी १९९४ मध्ये सारायेव्होच्या मार्काले बाजारात तोफगोळा पडून ६८ माणसं गेली. त्यानंतर नाटोने बजावलं की शहरापासून २० किलोमीटरच्या आतली अवजड शस्त्रं मागे घ्या, नाहीतर युनोच्या ताब्यातल्या ठिकाणी जमा करा. काही महिने त्याचा उपयोग झाला. पण जमा केलेल्या तोफांवर पहारा मूठभर सैनिकांचा होता. मे १९९५ मध्ये सर्ब फौजांनी तोफा परत नेल्या, नाटोने बॉम्ब टाकले, आणि उत्तर म्हणून सर्ब फौजांनी युनोचे शेकडो सैनिक पकडून ठेवले. काहींना तर पुढचा बॉम्ब जिथे पडू शकेल अशा ठिकाणी साखळीने बांधलं. धाक दाखवायला पाठवलेली माणसंच ओलीस झाली, कारण ती देशभर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली होती.

त्याच वर्षाअखेर झालेल्या, युद्ध संपवणाऱ्या डेटन कराराचं लष्करी परिशिष्ट याच्या शेजारी ठेवून वाचा. दोन फौजांच्या मधे ४ किलोमीटर रुंदीचा पट्टा रिकामा करायचा, तो ३० दिवसांत. अवजड शस्त्रं आणि सैन्य ठरलेल्या तळांवर न्यायचं, १२० दिवसांत. आणि हे करून घ्यायला नाटोच्या हुकमतीखाली सुमारे ६०,००० सैनिक. तुमच्या पहिल्या कलमात असं एखादं अंतर आणि अशी एखादी तारीख यायला हवी.

अर्थात ६०,००० सैनिक आले म्हणून युद्ध थांबलं असं नाही, युद्ध थांबलं म्हणून ते येऊ शकले. हे उलटं धरलं की सगळा मसुदा फसतो. व्हान्स आणि ओवेन या मध्यस्थांची १९९३ ची योजना देशाचे दहा प्रांत करायला निघाली होती. बोस्नियाई सर्बांनी ती नाकारली, कारण तेव्हा जमीन त्यांच्या ताब्यात होती आणि नाकारून काही बिघडत नव्हतं. मार्च १९९४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बोस्नियाक आणि क्रोएट यांची आपसातली लढाई मिटली. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाने आपला सर्बांच्या ताब्यातला क्राइना भाग परत घेतला, ३० ऑगस्टपासून नाटोची विमानं बॉम्ब टाकू लागली, आणि आर्थिक निर्बंधांनी टेकीला आलेल्या सर्बियाच्या अध्यक्ष मिलोशेविचला ते उठवून घ्यायचे होते. जमिनीवरचा ताबा बदलत बदलत १९९४ च्या प्रस्तावातल्या ५१-४९ टक्के वाटणीच्या (५१ बोस्नियाक-क्रोएट, ४९ सर्ब) जवळ आला, आणि मग अमेरिकेत ओहायोतल्या डेटनजवळच्या हवाई तळावर तीन आठवडे बसून करार झाला. पॅरिसला सह्या झाल्या १४ डिसेंबर १९९५ ला. म्हणजे ठरावात शस्त्रबंदी आणि निर्बंध लिहिणार असाल तर ते नेमके कोणाला टोचतील हे तपासा. १९९१ ची शस्त्रबंदी सगळ्या युगोस्लाव्हियाला सारखी लागू होती, पण जुन्या लष्कराचा शस्त्रसाठा मुख्यतः सर्ब बाजूकडे गेलेला. त्यामुळे सारखा नियम एकाच बाजूला जाचला.

शांतिसेनेबद्दल थोडक्यात. युनोकडे स्वतःचं सैन्य नाही. १५ पैकी ९ मतं आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणाचाही नकाराधिकार नाही, इतकं जमल्यावरच सैनिकांसाठी देशोदेशी विचारणा सुरू होते. ते येईपर्यंत महिने जातात, हे गृहीत धरून लिहा. भारताच्या प्रतिनिधीला इथे एक चांगला दाखला मिळतो. युगोस्लाव्हियात गेलेल्या युनोच्या संरक्षण दलाचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. त्या दलाला काम दिलं होतं क्रोएशियात आणि मुख्यालय मात्र सारायेव्होत ठेवलं. महिन्याभरात त्याच शहराभोवती युद्ध पेटलं, आणि ते थांबवण्याचे अधिकार दलाकडे नव्हते. नेमून दिलेलं काम आणि समोर येऊन पडलेलं काम यांत फट राहिली की काय होतं, ते सभागृहात याच दाखल्यावरून सांगा.

आता 'सुरक्षित क्षेत्रं'. हे कलम ऐकायला सगळ्यांत चांगलं, म्हणून सगळ्यांत धोक्याचं. एप्रिल १९९३ मध्ये ठराव ८१९ ने स्रेब्रेनित्सा सुरक्षित जाहीर झालं. मे महिन्यात ठराव ८२४ ने सारायेव्हो, तुझ्ला, झेपा, गोराझ्दे आणि बिहाच त्यात आले. जूनच्या ठराव ८३६ ने सैनिकांना सांगितलं की हल्ला होऊ नये असा धाक ठेवा. त्या शहरांचा बचाव करा, असं थेट सांगितलं नाही. त्यासाठी किती सैनिक लागतील याचा हिशोब सरचिटणीसांनी दिला होता, ३४,००० जास्तीचे. परिषदेने मंजूर केले ७,६००, आणि तेवढेही भराभर आले नाहीत.

दुसरी गोम आतली होती. स्रेब्रेनित्साचं निःशस्त्रीकरण कागदावर ठरलं, पण बोस्नियन सैन्याची तुकडी आत राहिली आणि अधूनमधून बाहेर जाऊन हल्ले करत राहिली. त्यामुळे सर्ब फौजांना आयतं निमित्त मिळालं. धान्याचे ट्रक आत जायचे ते सर्ब नाक्यांवरून, त्यांच्या मर्जीने. हवाई मदत मागायची तर दोन संमत्या लागायच्या, एक युनोची आणि एक नाटोची. जुलै १९९५ मध्ये आत काही शे डच सैनिक होते, हलक्या शस्त्रांसह. त्यांच्या मागण्या एकतर नाकारल्या गेल्या किंवा अडकून पडल्या. ११ जुलैला विमानं आली तोवर शहर पडत आलं होतं. पुढच्या काही दिवसांत सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले. 'सुरक्षित' या शब्दावर विसंबून ती माणसं तिथे थांबली होती, हा यातला सगळ्यांत कटू भाग.

याउलट उत्तर इराक, १९९१. सद्दामच्या फौजांपासून पळालेले कुर्द तुर्कस्तानच्या सीमेवर डोंगरात अडकले होते आणि तुर्कस्तान त्यांना आत घ्यायला तयार नव्हतं. एप्रिलमध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांचं सैन्य जमिनीवर उतरलं, इराकी फौजांना मागे सरायला लावलं, लोकांना खाली आणलं, आणि नंतर अनेक वर्षं वरून विमानांची गस्त ठेवली. तिथे ते जमलं, कारण इराक नुकताच युद्ध हरलेला होता, तुर्कस्तानातले हवाई तळ वापरता येत होते, आणि आलेले सैनिक कोणाच्या नाक्यावर अडून बसणारे नव्हते.

माझं मत सरळ आहे. सुरक्षित क्षेत्राचे दोनच प्रकार टिकतात. एक, दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं आणि खरोखर निःशस्त्र केलेलं. दुसरं, कोणाला न विचारता बळावर राखलेलं. स्रेब्रेनित्सा या दोन्हींच्या अधेमधे होतं. तुमच्या मसुद्यात यातला कोणता प्रकार आहे ते लिहा. बळाचा असेल तर युनोच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाचा (बळ वापरायची परवानगी देणारं) उल्लेख, सैनिकांची संख्या आणि हवाई मदतीचा आदेश कोण देणार हे एकाच माणसाच्या पदनामासह लिहा. यातलं काही मिळत नसेल तर ते कलम काढून टाका आणि त्याजागी 'शेजारी देशांनी सीमा उघड्या ठेवाव्यात आणि त्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा' असं लिहा. कमी चमकदार आहे, पण त्याने जास्त माणसं वाचतात. शिवाय सुरक्षित क्षेत्र जाहीर झालं की शेजाऱ्याला सीमा बंद करायला कारण मिळतं, तेही टळतं.

सीमा ओलांडून आलेल्या २ लाखांबद्दल तुमच्या मसुद्यात 'मानवतावादी मदत पुरवावी' एवढंच आहे. इथे आकडे घाला, सरांचा अर्धा आक्षेप तिथेच मिटेल. एक छावणी शक्यतो २०,००० माणसांपेक्षा मोठी करू नये, असा नियोजनाचा दंडक आहे. म्हणजे तुम्हाला दहा छावण्या लागतील. एका छावणीचा हिशोब करू. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, म्हणजे ३ लाख लिटर. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत येतो तो १०,००० लिटरचा टँकर धरला तर रोज ३० फेऱ्या. (आपल्याकडे शहराच्या पाणीयोजना माणशी १३५ लिटर धरून करतात, म्हणजे हे किती कमी आहे बघा.) २५० माणसांमागे एक नळ, म्हणजे ८० नळ, घरापासून ५०० मीटरच्या आत. २० माणसांमागे एक शौचालय, म्हणजे १,०००. पहिल्या दिवसांत ५० माणसांमागे एक चालवून घेतात, पण ते महिनाभर तसंच राहिलं तर रोगराई ठरलेली. झोपायला छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर. रस्ते, दवाखाना, आगीसाठी मोकळे पट्टे धरून माणशी ४५ चौरस मीटर, म्हणजे ९० हेक्टर जमीन. नेरूळ-सीवूड्सच्या नकाशावर एवढा मोकळा तुकडा शोधून बघा, यजमान देश का कुरकुरतो ते लगेच कळेल.

अन्न माणशी रोज २,१०० कॅलरी. धान्य, डाळ, तेल मिळून साधारण अर्धा किलो, म्हणजे छावणीला रोज दहा टन. आणि या सगळ्याच्या आधी गोवराची लस, ६ महिने ते १५ वर्षांच्या सगळ्या मुलांना, सोबत 'अ' जीवनसत्त्व. कुपोषित मुलांच्या गर्दीत गोवर फार जीव घेतो. परिस्थिती हाताबाहेर चाललीय का हे ओळखायचा आकडाही ठरलेला आहे: दर १०,००० माणसांमागे रोज एक मृत्यू. २०,००० च्या छावणीत रोज दोन अंत्यविधी होऊ लागले की आणीबाणी समजायची. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ही मर्यादा दुप्पट धरतात.

पण पाण्या-अन्नाचे आकडे बरोबर येऊनही छावणी बिघडू शकते, आणि वांशिक युद्धात ती बहुधा एकाच कारणाने बिघडते. धान्य कोणाच्या हातून वाटलं जातं? जुलै १९९४ मध्ये रवांडातून काही दिवसांत सुमारे ८ लाख लोक झाइरमधल्या (आताचं काँगो) गोमा शहराजवळ आले. जमीन लाव्हाच्या खडकाची, शौचालयाला खड्डा खणता येईना. कॉलरा आणि हगवणीने पहिल्या महिनाभरात ५०,००० च्या आसपास माणसं दगावली. ते अरिष्ट हळूहळू आटोक्यात आलं. दुसरं अरिष्ट मात्र आटोक्यात आलं नाही. रवांडात त्याआधी नरसंहार घडवणारे सैनिक, मिलिशिया आणि सरपंच-पुढारी याच गर्दीत आले होते. माणसं प्रचंड, वाटप लवकर व्हायला हवं, म्हणून धान्य पुढाऱ्यांकडे गठ्ठ्याने द्यायला सुरुवात झाली. पुढाऱ्यांनी माणसांचे आकडे फुगवून सांगितले, उरलेलं धान्य विकून हत्यारबंद लोक पोसले, आणि ज्याला मायदेशी परतायचं होतं त्याचा शिधा तोडला किंवा त्याला मारलं. छावण्या सीमेला खेटून होत्या, तिथून रवांडावर हल्ले होऊ लागले. सैनिक आणि सामान्य माणसं वेगळी करायला युनोने फौज द्यावी ही मागणी मान्य झाली नाही. १९९६ मध्ये त्याच छावण्यांवर हल्ला होऊन पुढचं मोठं युद्ध सुरू झालं.

म्हणून तुमच्या कलमात तीन गोष्टी येऊ द्या. छावणी सीमेपासून ५० किलोमीटर आत. सीमेवरच हत्यारं काढून घेऊन लढवय्ये वेगळे ठेवायचे, आणि हे काम यजमान देशाच्या पोलीस-लष्कराचं आहे, मदतसंस्थांचं नाही. तिसरं, शिधा थेट कुटुंबाला, कुटुंबाच्या नोंदणीवर, शक्यतो घरातल्या बाईच्या नावाने. वाटपाच्या रांगेशी तराजू आणि आजच्या शिध्याचा फलक दोन्ही उघड्यावर ठेवायचे. प्रत्येकाला आपला वाटा किती हे माहीत असलं की मधल्याला कापायला कठीण जातं.

इथवर आलोच आहोत तर उजळणी: शस्त्रसंधीला नकाशा आणि तारीख, शांतिसेनेला हाती घ्यायच्या कामाइतके अधिकार, सुरक्षित क्षेत्राला एकतर करार नाहीतर बळ, आणि छावणीत शिधा थेट कुटुंबाच्या हातात. राहिलं चौथं कलम, आणि सहा महिने ही मुदत मला सगळ्यांत जास्त खटकली.

रोहिंग्यांचंच बघा. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून हे ७ लाखांहून जास्त मुस्लिम लोक बांगलादेशात आले. नोव्हेंबरमध्येच दोन देशांत करार झाला, दोन महिन्यांत परती सुरू करण्याचा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये दोनदा तयारी झाली, गाड्या उभ्या राहिल्या, जायला कोणी पुढे आलं नाही. नागरिकत्व नाही, गाव जळालेलं, आणि ज्यांनी हाकललं तेच सैन्य तिथे. मुदत करारात होती, त्या करारात निर्वासितांना विचारलेलंच नव्हतं.

परती स्वेच्छेची आहे हे तपासायची पद्धत ठरलेली आहे, ती मसुद्यात लिहिता येते. आधी निर्वासितांच्या निवडक प्रतिनिधींना, त्यात बायकाही, गाव बघून येऊ द्यायचं आणि त्यांनी परत येऊन छावणीत सांगायचं. मग प्रत्येक कुटुंबाची, नवरा-बायकोची वेगवेगळी, खासगीत मुलाखत. अर्ज त्यांच्या भाषेत. परतल्यावर युनोच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या माणसांना गावात कधीही जाऊन चौकशी करण्याची मोकळीक. आणि या काळात छावणीतला शिधा कमी करायचा नाही. शिधा कापला की माणसं जातात, पण त्याला स्वेच्छा म्हणत नाहीत.

बोस्नियात ४४ लाखांपैकी जवळपास २२ लाख माणसं घराबाहेर फेकली गेली होती. डेटनच्या सातव्या परिशिष्टाने प्रत्येकाला स्वतःच्या मूळ घरी परतण्याचा हक्क दिला. सुरुवातीची वर्षं लोक परतले ते फक्त आपल्या गटाची बहुसंख्या असलेल्या भागात. दुसरीकडे जायला धजेनात, आणि त्याची कारणं फार बारीक होती. उदाहरणार्थ गाडीची नंबरप्लेट. आपल्याकडे एमएच ०४ दिसलं की ठाणे, एमएच ४३ दिसलं की नवी मुंबई, इतकाच त्याचा अर्थ. तिथे प्लेटवरच्या लिपीवरून आणि चिन्हावरून गाडीतला माणूस कोणत्या गटाचा हे कळायचं, आणि नाक्यावर गाडी अडवली जायची किंवा दगड यायचे. म्हणून १९९६ मध्ये निर्वासित उच्चायुक्तालयाने बोस्नियाक-क्रोएट आणि सर्ब या दोन भागांच्या हद्दीपलीकडे जाणाऱ्या बस चालवल्या. १९९८ मध्ये सगळ्या देशाला एकसारख्या प्लेट आल्या, गावाचा संकेत काढून टाकलेल्या, आणि अक्षरं फक्त रोमन आणि सिरिलिक दोन्हींत सारखी दिसणारी. प्रवास मोकळा व्हायला मोठ्या घोषणांपेक्षा याचा उपयोग जास्त झाला असं मी म्हणेन.

दुसरा अडसर घराचा. रिकाम्या घरांत दुसरीकडून पळून आलेली कुटुंबं बसली होती आणि स्थानिक अधिकारी त्यांना हलवत नव्हते. १९९९ पासून नियम कडक झाला: घराचा दावा ज्या तारखेला आला त्या क्रमानेच निकाल, कोणाची शिफारस नाही, आणि अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी पदावरून काढू शकतो. २ लाखांहून जास्त दाव्यांपैकी बहुतेक पुढच्या पाच-सहा वर्षांत निकाली निघाले. परतलेल्यांचा आकडा १० लाखांवर गेला तो २००४ मध्ये, करारानंतर नऊ वर्षांनी. शिवाय घर मिळाल्यावर ते विकून दुसरीकडे राहिलेलेही पुष्कळ. तेव्हा 'सहा महिने' खोडा. त्याजागी परती सुरू होण्याच्या अटी लिहा आणि दर सहा महिन्यांनी आढावा ठेवा.

पोलिसांचं कलम मात्र याच भागात हवं. १९९६ च्या सुरुवातीला सारायेव्होची काही उपनगरं एका बाजूकडून दुसरीकडे सोपवली गेली तेव्हा घरं पेटवली गेली आणि हजारो सर्ब निघून गेले. नाटोचे सैनिक तिथेच होते, पण आग आणि लूट थांबवणं हे आपलं काम नाही, अशी त्यांची भूमिका. युनोचे पोलीस होते ते विनाशस्त्र. लष्कराला जे काम येत नाही ते कोणाकडे, हे आधीच लिहून ठेवा.

भारताच्या बाजूने दोन सूचना. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तेव्हा 'कराराप्रमाणे आम्ही बांधील आहोत' असं बोलाल तर समोरचा लगेच पकडेल. पण जिथे जिवाला धोका आहे तिथे कोणाला परत ढकलू नये हे तत्त्व मांडायला अडचण नाही. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घटनेच्या कलम २१ मधलं जीविताचं संरक्षण परकीय व्यक्तीलाही आहे. तो आधार घ्या.

दुसरी सूचना परतीशिवायच्या वाटांची. काही माणसं कधीच परतणार नसतात. त्यांना एकतर आसरा दिलेल्या देशात सामावून घेतात, नाहीतर तिसऱ्या देशात वसवतात. पहिल्या वाटेचं उदाहरण आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत ठेवलं, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, आणि आजही रिक्षावाल्याला 'कॅम्प नंबर तीन' सांगितलं की पुरतं. फरक इतकाच की त्यांना आल्याआल्या नागरिक धरलं गेलं. तुमच्या काल्पनिक देशातल्या २ लाखांना तसं कोण धरणार, याचं उत्तर मसुद्यात नसलं तरी चालेल, पण प्रश्नोत्तराच्या फेरीत नक्की विचारलं जाईल. चारही कलमं बदलून झाली की इथेच टाका. पहिल्या कलमाचं अंतर आणि तिसऱ्याची सैनिकसंख्या आधी बघेन.